अलादीनच्या गावावर बॉम्ब टाकायचा का?

डिसेंबर २०१५. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वारं चांगलंच तापलं होतं. ‘पब्लिक पॉलिसी पोलिंग’ नावाच्या संस्थेनं मतदारांची चाचणी घेतली आणि नेहमीच्या प्रश्नांमध्ये एक खोडसाळ प्रश्न घुसवून दिला. अग्रबावर बॉम्बहल्ला करावा असं तुम्हाला वाटतं का? रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीत मत देणाऱ्यांपैकी ३० टक्के लोक म्हणाले, हो, करा! डेमोक्रॅट पक्षाचे लोक जरा सौम्य. त्यांच्यातले १९ टक्केच हो म्हणाले.

आता गंमत ऐका. अग्रबा नावाचं गाव जगाच्या नकाशावर कुठेच नाही. ते आहे डिस्नेच्या ‘अलादीन’मध्ये. तेच ते, उडता गालिचा, निळा जिनी, राजकन्या जास्मिन. म्हणजे एका कार्टूनमधल्या गावावर बॉम्ब टाकायला शंभरातली तीस शहाणी, मतदार यादीत नाव असलेली माणसं तयार होती. का? तर नाव अरबी वाटलं म्हणून. बस्स.

हसू येतं ना? मलाही आलं. पण ही चाचणी वाचल्यापासून एक प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या तीस टक्के लोकांच्या डोक्यात अग्रबाचं चित्र आलं कुठून? आणि समजा नागपूर-पुण्यातल्या आपल्यासारख्या वीकेंडला पॉपकॉर्न घेऊन सिनेमे बघणाऱ्या मंडळींना कुणी असाच प्रश्न विचारला, तर आपण किती पाण्यात?

शंभर वर्षांचा सिनेमा

आधी ते चित्र. वाळवंट, उंट, तंबू, कमरेला वाकडी सुरी, बुरख्यातल्या गप्प बायका किंवा मग पोट हलवून नाचणाऱ्या बायका (मधलं काही नाहीच!), तेलाच्या पैशानं माजलेला शेख आणि अलीकडे हातात बंदूक घेऊन ओरडणारा दाढीवाला. हे चित्र ९/११ नंतर तयार झालं असं आपल्याला वाटतं. चूक. ते त्याआधीच ऐंशी वर्षं थिएटरात चालत होतं.

१९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा ‘द शेक’ आला आणि तुफान चालला. वाळवंटातला रांगडा शेख एका इंग्रज तरुणीला पळवून नेतो आणि मग प्रेमबिम. पण इंग्रज पोरगी अरबाच्या प्रेमात पडली, हे पडद्यावर दाखवायचं कसं? मग शेवटी उलगडा होतो की हा शेख मुळात अरब नाहीच. बाप इंग्रज, आई स्पॅनिश. अरबांनी नुसतं वाढवलेलं लेकरू! हिरो गोरा निघाला आणि प्रेक्षक निवांत घरी गेले.

जॅक शाहीन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं आयुष्यभर हा एकच उद्योग केला. हॉलिवूडचे अरब दाखवणारे सिनेमे जमवायचे आणि बघायचे. २००१ मध्ये त्यांचं ‘रील बॅड अरब्ज’ हे पुस्तक आलं. त्यात नऊशेहून जास्त सिनेमांचा हिशेब आहे. निष्कर्ष असा की बहुतेक ठिकाणी अरब माणूस एकतर खलनायक, नाहीतर विदूषक, नाहीतर बायकांच्या मागे लागलेला श्रीमंत. मुलांचा अभ्यास घेणारा, ऑफिसला जाणारा, ट्रॅफिकमध्ये वैतागणारा अरब शोधायला गेलात तर हाताची बोटंही जास्त होतील.

‘अलादीन’चंच घ्या. १९९२ चा सिनेमा. सुरुवातीच्याच गाण्यात त्या देशाची ओळख अशी करून दिली होती की तिथे तुमचा चेहरा आवडला नाही तर कान कापतात. अरब-अमेरिकन लोकांनी आवाज उठवला तेव्हा १९९३ मध्ये व्हिडिओ कॅसेट काढताना डिस्नेनं कान वाचवला. पण त्याच गाण्यात देशाला रानटी म्हणणारा शब्द तसाच ठेवला. तो निघायला २०१९ चा नवा ‘अलादीन’ यावा लागला. आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका (कापायची भीती नाही). अलादीन आणि जास्मिन बोलतात अमेरिकन ढंगात. बाजारातले शिपाई आणि व्यापारी मात्र जाडजूड परदेशी हेल काढतात. सहा वर्षांच्या पोराला काय कळायचं ते कळतं. आपल्यासारखं बोलतो तो चांगला, दुसऱ्यासारखं बोलतो तो डेंजर.

आणि मूळ गोष्ट? ती अलेप्पोच्या हन्ना दियाब या सीरियन ख्रिश्चन माणसानं १७०९ साली पॅरिसमध्ये आंत्वान गालाँ या फ्रेंच लेखकाला सांगितली होती. तीत अलादीन राहतो चीनमध्ये!

तीन डबे, एकच लेबल

या चित्राचा खरा घोटाळा असा, की ते वेगवेगळ्या लोकांना एकाच डब्यात कोंबतं. अरब, मुसलमान आणि अतिरेकी. तिन्ही डब्यांवर एकच लेबल.

जरा डबे उघडून बघू. जगातल्या दर पाच मुसलमानांमागे जेमतेम एक अरब आहे. सगळ्यात जास्त मुसलमान असलेले तीन देश म्हणजे इंडोनेशिया, पाकिस्तान आणि आपला भारत. तिन्हींतला एकही अरब देश नाही. इराणी लोक अरब नाहीत, त्यांची भाषा फारसी. तुर्क अरब नाहीत. उलट, इजिप्त, लेबनॉन, सीरियात पिढ्यान् पिढ्या ख्रिश्चन असलेले लोक आहेत. ज्याची वाक्यं आपण सकाळी सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हणून एकमेकांना फॉरवर्ड करतो, तो खलील जिब्रान लेबनॉनचा ख्रिश्चन. ॲपलवाल्या स्टीव्ह जॉब्जचा जन्मदाता बाप सीरियातल्या होम्सचा. आणि ‘अरब म्हणजे तेल’ म्हणाल, तर जॉर्डन, लेबनॉन, मोरोक्को या देशांना विचारा. तेलाचं बिल भरता भरता त्यांच्याही नाकी नऊ येतात.

तुम्ही म्हणाल, अहो, पण ९/११ झालं ते खोटं होतं का? आपल्या मुंबईत २६/११ झालं ते? मुळीच नाही. ९/११ च्या विमानांत बसलेले एकोणीस जण अरब होते, त्यातले पंधरा सौदी. हे कुणी नाकारत नाही आणि नाकारूही नये. प्रश्न पुढचा आहे. एकोणीस जणांचा हिशेब किती कोटींच्या खात्यात मांडायचा?

१९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवली गेली, १६८ माणसं गेली. पहिल्या काही तासांत टीव्हीवर संशय कुणावर? मध्यपूर्वेतल्या लोकांवर. निघाला कोण? टिमोथी मॅक्व्हे, गोरा अमेरिकन, माजी सैनिक. त्यानंतर बारीक केस कापलेल्या गोऱ्या माजी सैनिकांना एअरपोर्टवर वेगळ्या रांगेत उभं केलं का? नाही ना. करूही नये. मग बाकीच्यांना का?

आणि २६/११ चं म्हणाल, तर मुंबईत त्या नऊ मेलेल्या अतिरेक्यांना पुरायला बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी साफ नकार दिला होता. मुसलमानांचं कब्रस्तान, मुसलमान विश्वस्त. मृतदेह महिनोन् महिने शवागारात पडून राहिले आणि शेवटी २०१० मध्ये सरकारला ते गुपचूप पुरावे लागले. ही बातमी तेव्हा छापून आली होती. पण किती जणांच्या लक्षात राहिली? डोक्यातल्या चित्राशी जुळणारी बातमी चिकटते. न जुळणारी घरंगळून जाते.

कॅन्ससमधला तो बुधवार

आता तुम्हाला वाटत असेल, हे सगळं अमेरिकेचं आणि अरबांचं. आपलं काय जातं? तर ऐका.

२२ फेब्रुवारी २०१७, बुधवार. कॅन्सस राज्यातलं ओलेथ शहर. गार्मिन कंपनीतले दोन इंजिनिअर ऑफिस सुटल्यावर नेहमीच्या बारमध्ये बसले होते. श्रीनिवास कुचीभोटला आणि आलोक मदासानी. श्रीनिवास हैदराबादचा, ३२ वर्षांचा. एक गोरा माणूस आला, त्यांना आमच्या देशातून चालते व्हा म्हणाला. त्याला बाहेर काढलं, तर तो बंदूक घेऊन परत आला. श्रीनिवास गेला. आलोक जखमी झाला. मारेकऱ्याला अडवायला धावलेला इयन ग्रिलट हा अमेरिकन तरुणही गोळी लागून पडला. मारेकरी पळून दुसऱ्या गावातल्या बारमध्ये गेला आणि तिथे म्हणाला, मी दोन इराण्यांना मारलं.

इराणी! एक तेलुगू सॉफ्टवेअरवाला, इराणी म्हणून मेला. २०१८ मध्ये मारेकऱ्याला जन्मठेप झाली. पण त्या रात्री नागपूर-पुणे-नाशिकहून किती आयांनी अमेरिकेतल्या पोरांना फोन लावले असतील, याचा अंदाज तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कित्येकांचा भाऊ, मैत्रीण, टीममेट तिथे ऑनसाइट आहे.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं. ९/११ नंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळी घातली गेली. पगडी आणि दाढी बघून मारणाऱ्यानं ठरवलं की हा अरब मुसलमान. सोधी शीख होते.

अशा वेळी आपल्याकडून पहिलं वाक्य काय निघतं? ‘अहो, आम्ही ते नव्हेत!’ पटकन येतं तोंडात, भीतीपोटी येतं, समजू शकतं. पण जरा थांबून त्या वाक्याचा अर्थ बघा. आम्ही ते नव्हेत, म्हणजे ‘ते’ असते तर गोळी बरोबर होती का? अमेरिकेतल्या शीख संघटनांना हा प्रश्न लगेच कळला. आम्ही मुसलमान नाही एवढंच सांगून त्यांना सुटता आलं असतं. पण त्यांच्यातल्या कित्येकांनी ‘कुणालाच मारू नका’ हे म्हणायचं ठरवलं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे.

शाहरुख खानचं तर तुम्हाला आठवत असेलच. ऑगस्ट २००९, न्यूअर्क एअरपोर्ट. तासाहून जास्त वेळ त्याला बसवून ठेवलं. तो म्हणाला, माझ्या आडनावामुळे. तिथले अधिकारी म्हणाले, नेहमीची तपासणी. आपल्याकडे टीव्हीवर दिवसभर संताप. आपला शाहरुख! संताप योग्यच होता. पण तो शाहरुखसाठी होता, की आडनाव बघून थांबवल्या जाणाऱ्या कुठल्याही खानासाठी?

बर्डीवरचे अरब

अरब आपल्याला फार लांबचे वाटतात. नागपूरकरांना तर नकोच वाटायला. बर्डीवर शॉपिंगला जाता ना? त्या सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. त्या फौजेत सगळ्यात चिवट लढले कोण? अरब! भोसल्यांच्या पगारावर असलेले अरब सैनिक. दोनपैकी लहान टेकडी त्यांनी काबीजही केली होती. पुढे डिसेंबरात आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी अरब शहर सोडेनात. इंग्रजांना वेढा घालावा लागला, हल्ला केला तर तो फसला. अखेर बायका-मुलं आणि सामानासकट सुखरूप बाहेर पडायची हमी मिळाली तेव्हाच ते निघाले. पुढच्याच वर्षी मालेगावच्या किल्ल्यातही इंग्रजांशी झुंजले ते अरबच.

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी नागपूरच्या गल्ल्यांतून अरब माणूस फिरत होता. त्याची बायको-पोरं इथे होती. पगारासाठी गाव सोडून आलेला नोकरदार, तुमच्या-माझ्यासारखा. हे आपल्या डोक्यातल्या चित्रात कुठे आहे? नाही. कारण ते चित्र आपण बर्डीवरून घेतलेलं नाही. थिएटरातून आणलंय.

अजून जवळ या. ऑफिसात तुम्ही हजेरी लावता, तारीख बघता, साहेबांकडे रजेचा अर्ज टाकता, महिनाअखेरीला हिशेब करता, फायदा-नुकसान बघता. हजेरी, तारीख, साहेब, रजा, अर्ज, हिशेब, फायदा, नुकसान. सगळ्यांचं मूळ अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेलं. माझं गाव खापा. कन्हान नदीच्या काठचं, हातमागासाठी जुनं नाव असलेलं. तिथल्या विणकरानं ज्या सुतावर पिढ्या काढल्या, त्या कापसाला इंग्रजीत ‘कॉटन’ म्हणतात. तो शब्दही अरबीतल्या ‘कुत्न’वरून युरोपात गेला. आता बोला!

खाप्यासारख्या गावात एक सोय असते. तिथे शेख म्हणजे शाळेतले सर, एसटीतले कंडक्टर, नाहीतर भावाच्या टीममधला ऑफस्पिनर. त्यातला एखादा भांडखोर असतो, एखादा उधार घेऊन विसरणारा, एखादा रात्री-बेरात्री दवाखान्यात सोबत येणारा. ‘शेख असे असतात’ हे वाक्य तिथे पुरं होत नाही, कारण लगेच कुणी तरी विचारतो, कोणते शेख? शहरात आलो की ही सोय जाते. शेजारच्या फ्लॅटवर फक्त नेमप्लेट दिसते. माणूस माहीत नाही, मग रिकाम्या जागेत सिनेमातला माणूस येऊन बसतो. फ्लॅट दाखवणारा ब्रोकर आधी आडनाव विचारतो, तो काय उगीच?

आणि आपला एचआर?

अमेरिकेला नावं ठेवणं सोपं. पण ही गोष्ट मुंबईची आहे. मे २०१५. एमबीए झालेल्या एका तरुणानं हिऱ्यांची निर्यात करणाऱ्या कंपनीत अर्ज केला. काही मिनिटांत ईमेलवर उत्तर आलं, की आम्ही फक्त मुसलमान नसलेले उमेदवार घेतो. बायोडाटाचं दुसरं पान उघडायलाही तेवढा वेळ पुरायचा नाही. बातमी फुटली, पोलिसांत तक्रार झाली. कंपनी म्हणाली, नव्यानं आलेल्या शिकाऊ कर्मचाऱ्याची ती चूक होती. असेल. पण त्या शिकाऊ डोक्यातही ते वाक्य आयतं तयार होतं, हे महत्त्वाचं.

कधी कधी हे नोकरीवर थांबत नाही. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात, शब-ए-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ बॉम्ब फुटले. तीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक मुसलमान. अटक झाली नऊ मुसलमान तरुणांना. त्यातल्या बहुतेकांची पाच वर्षं जेलमध्ये गेली. २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं पुरेसा पुरावा नाही म्हणून आरोपमुक्त केलं. तोवर एक जण हे ऐकायला जिवंतही नव्हता. तुमच्या करिअरमधली विशीतली पाच वर्षं काढून टाका आणि उरलेला बायोडाटा वाचून बघा.

चित्र बदलत नाही असं नाही बरं का. रामी मालेक आठवतो? ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी २०१९ मध्ये ऑस्कर घेणारा. इजिप्तमधून आलेल्या कॉप्टिक ख्रिश्चन घरातला हा मुलगा २०१० मध्ये ‘ट्वेंटी फोर’ या मालिकेत आत्मघातकी हल्लेखोर झाला होता. त्यानंतर त्यानं आपल्या एजंटला सांगून टाकलं, असे रोल आता नको. काम मिळण्याची मारामार असलेल्या वयात हे सांगायला हिंमत लागते. आणि पुढे तो कोण झाला? फ्रेडी मर्क्युरी! फारुख बुलसारा नावाचा पारशी, झांझिबारमध्ये जन्मलेला, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. आता या सगळ्याला कुठल्या डब्यात टाकाल?

रामी मालेक लांबचा वाटत असेल तर पुन्हा त्या मुंबईच्या कंपनीकडे या. त्या गोष्टीचा शेवट फारसा कुणाला माहीत नाही. त्या तरुणासोबत शिकणाऱ्या, त्याच कंपनीत अर्ज केलेल्या दोन मित्रांची निवड झाली होती. दोघेही मुसलमान नव्हते. नुकतीच डिग्री, हातात ऑफर, घरच्यांच्या अपेक्षा. दोघांनी नोकरी नाकारली. मित्राला आडनावामुळे नाही म्हणता, तर आम्हीही येत नाही. मोर्चा नाही, भाषण नाही. फक्त पहिली नोकरी सोडली.

आपल्यातल्या प्रत्येकाला नोकरी सोडायची गरज नाही. ईएमआय सगळ्यांनाच आहेत. पण सोमवारी कँटीनमध्ये चहा घेताना कुणी तरी ‘ते लोक ना, असलेच असतात’ म्हणून सुरू करेल. करेलच. तेव्हा खाप्यातला प्रश्न विचारा. कोणते लोक? नाव सांग.

बघा, कितींना एक तरी नाव सांगता येतं.